सिंक्रो गिअरबॉक्सच्या जमान्यात नवशिक्याला डबल क्लच शिकवावा का?

कळंबोलीचा उस्ताद:
मी जड वाहनावर पोरांना शिकवतो. माझं मत ठाम आहे: शिकवायचाच, आणि सुरुवातीलाच. कार चालवून आलेला मुलगा क्लच दाबतो, दांडी ओढतो आणि पाय सोडून देतो. लोड गाडीत तसं केलं की गिअर खर्र करतो, नाहीतर गाडी हिसका देते. इंजिन मिनिटाला 1,700 फेऱ्यांवर असताना गिअर सोडला तर त्याच वेगाला वरच्या गिअरमध्ये इंजिन साधारण 1,250 वर हवं. खाली येताना याच्या उलट, फेरे चढवावे लागतात. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर, हाच डबल क्लच; एवढं पोरानं हातापायानं केलं की हा हिशेब त्याच्या अंगात बसतो. सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर बसायच्या आधी आतल्या चाकांचा वेग जुळवणारी कडी, हेच काम आत गुपचूप करते, म्हणून नव्या पोरांना ते कळतच नाही.

तळोजा ट्रान्सपोर्ट:
उस्ताद, आदर ठेवून विरोध करतो. आमच्या सगळ्या गाड्या सिंक्रोच्या आहेत. दर गिअरला दोनदा क्लच म्हणजे शिळफाट्याच्या जाममध्ये ड्रायव्हरच्या डाव्या पायाचं दुप्पट काम. आणि घोडबंदरला गायमुखचा चढ लोड घेऊन चढताना न्यूट्रलमध्ये जेवढा वेळ जाईल तेवढा वेग पडतो. डबल क्लच करून चौथा टाकेपर्यंत गाडी तिसऱ्याच्या लायकीची झालेली असते. नव्या पोराला दोन गोष्टी पक्क्या शिकवा: इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवायचा आणि दांडी घाई न करता, दाब धरून सरकवायची. रिंगला तिचं काम करायला क्षणभर मिळालं की गिअर लोण्यासारखा बसतो.

न्हावाशेवा ट्रेलर:
तळोजावाल्या भाऊंचं चढाचं म्हणणं बरोबर आहे. पण उताराचं काय? उतारावर गिअर न्यूट्रलला अडकला की गाडी पळायला लागते, आणि मग सिंक्रोवर कितीही जोर लावा, खालचा गिअर घेत नाही. तिथं रेस देऊन फेरे चढवता आले तरच काही आशा. ज्याला ते येत नाही तो नुसता ब्रेकवर उभा राहतो. ड्रम तापले की ब्रेकची पकड जाते. मुंब्रा बायपासच्या उतारावर लोड ट्रेलर घेऊन उतरलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

तळोजा ट्रान्सपोर्ट:
उतारावर गिअर बदलायची वेळ आली, तिथंच चूक झालेली असते. उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानंच गाडी रोखणारा) लावायचा आणि खाली पोचेपर्यंत दांडीला हात लावायचा नाही. शिकवायचं ते हे. संकटातून निसटायची युक्ती आधी शिकवली की पोरगं त्या भरवशावर राहतं.

गिअरबॉक्स मिस्त्री:
माझ्याकडे बॉक्स उघडायला येतात त्यांत सिंक्रो रिंग घासलेली सर्रास सापडते. अर्धा क्लच दाबून गिअर ढकलणं हे मोठं कारण. दुसरं, दांडीवर हात टाकून गाडी चालवणं, त्यानं आतला गिअर सरकवणारा फोर्क घासतो. डबल क्लच करो न करो, क्लच पूर्ण दाबायला आणि हात उचलायला शिकवा.

ठाणे पूर्व:
पुढे सगळे ट्रक ऑटो गिअरचे होणार. हा वाद कशाला?

न्हावाशेवा ट्रेलर:
दादा, होतील तेव्हा होतील. आज कळंबोलीच्या तळावर नोकरी मागायला गेलेल्या पोराला मालक जी किल्ली देईल ती गाडी चालवावी लागते, आणि ती बहुतेक वेळा जुनी असते.

कळंबोलीचा उस्ताद:
उताराच्या आधी गिअर निवडायचा हे मलाही शंभर टक्के मान्य आहे. पण कोणत्या उताराला कोणता गिअर हे पोराला कळणार कसं? इंजिनाचा आवाज ऐकून. तो कान डबल क्लचनं तयार होतो, काटा बघून होत नाही. घाटात काट्याकडे बघत बसलेला ड्रायव्हर रस्त्याकडे बघत नसतो.

खरं दुखणं वेगळंच आहे. आपल्याकडे पोरं रिकाम्या गाडीवर शिकतात. रिकामी गाडी चढावर वेग टाकत नाही, उतारावर ढकलत नाही, चुकीचा गिअरही मुकाट्यानं खपवून घेते. मान्यताप्राप्त केंद्रात जड वाहनाचा अभ्यासक्रम 38 तासांचा आहे. त्यातले थोडे तास तरी वजन भरलेल्या गाडीवर व्हायला हवेत. खडी भरा, वाळूच्या गोण्या भरा, पण भरा.

तळोजा ट्रान्सपोर्ट:
लोडचं पटलं, अगदी मनापासून. नवा ड्रायव्हर आमच्याकडे परवाना घेऊन येतो आणि माल भरलेली गाडी आयुष्यात पहिल्यांदा आमच्याच फाटकातून बाहेर काढतो. त्याच्या शेजारी जुना माणूस बसवावाच लागतो. डबल क्लचबद्दल मात्र माझं मत तेच आहे: लोडवर सिंक्रो नीट वापरायला शिकला की मग शिकवा, आधी नको.

कळंबोलीचा उस्ताद:
आणि माझं म्हणणं, आधीच. रविवारी एमआयडीसीचे आतले रस्ते मोकळे असतात. तुम्ही एक लोड गाडी द्या, मी दोन नवी पोरं आणतो. एकाला तुमच्या पद्धतीनं शिकवू, एकाला माझ्या. मग दोघांना घोडबंदरला नेऊ.