देवक एक म्हणजे मूळ एक?

वाडीकर:
आम्ही कदम. आमचं देवक, म्हणजे लग्नात पुजायचं कुळाचं चिन्ह, कळंब, म्हणजेच कदंबाचं झाड. आमच्या गावात वरच्या वाडीतही कदम आहेत. ते आमचे भाऊबंद की मागाहून येऊन वसलेले, हा वाद तीन पिढ्या चाललाय. पण लग्नात त्यांच्याही मांडवाला कळंबाचीच डहाळी लागते. कर्नाटकातल्या तळगुंदच्या स्तंभलेखात कदंब राजघराण्याचं नाव घराजवळच्या कदंबाच्या झाडावरून पडल्याचं सांगितलंय. गोव्याच्या कदंबांच्या नाण्यांवर सिंह आहे, आणि आमच्या जुन्या दाराच्या चौकटीवरही सिंह कोरलाय. मला तर खात्री वाटते, दोन्ही वाड्या एकाच मुळाच्या आणि ते मूळ गोव्याचं.

मोडीवाचक:
दादा, एवढी उडी मारू नका. राष्ट्रकूट, शिलाहार, देवगिरीचे यादव, तिघांचंही चिन्ह गरुड. म्हणून तिघांना एका वंशात घालायचं का? सिंह आणि शरभ हा काल्पनिक प्राणी तर गडांच्या दरवाजांवर ज्याची सत्ता आली त्याने कोरले. चौकटीवरच्या सिंहावरून फार तर सुताराचा हात ओळखता येईल. आणि कळंब देवक कदमांखेरीज कितीतरी आडनावांत आहे. देवक जुळलं तर सोयरीक करायची नाही, एवढंच त्यातून ठरतं.

माहेरवाशीण:
‘एवढंच’ म्हणू नका हो. आमचं वतन गेलं, घर उठून दुसऱ्या गावी आलं आणि गावावरून नवं आडनाव पडलं. कागद एकही उरला नाही. राहिलं ते देवक. माझ्या चुलतबहिणीची सोयरीक ठरत आली होती. सुपारी फोडायच्या आधी आजीने देवक विचारलं, ते एकच निघालं. मग कुलदैवत, मूळ गाव असं विचारत गेल्यावर कळलं, ती आमचीच तुटलेली शाखा. आजीने विचारलं नसतं तर भावकीतच लग्न लागलं असतं.

मोडीवाचक:
ताई, तुमच्या आजीने देवकावर निकाल दिला नाही, तिथून चौकशी सुरू केली. मी तेच सांगतोय. वाडीकर, वतनाचा महजर, म्हणजे जुन्या निवाड्याचा कागद, शोधा. त्र्यंबकेश्वरला तुमच्या तीर्थोपाध्यायांकडे वही असेल. कोण कुणाचा मुलगा, हे तिथे नावानिशी लिहिलेलं असतं.

वाडीकर:
पटलं. गोव्याचं सोडतो, मधल्या शतकांचा एकही दुवा माझ्याकडे नाही. वरच्या वाडीचं मात्र सोडणार नाही. मोडी मला येत नाही. वहीच्या पानाचे फोटो इथे टाकले तर वाचून द्याल का?