मदत हवी आहे: कॅम्पर व्हॅन उन्हात लावावी की सावलीत? (बॅटरी, फ्रीज आणि इन्सुलिन)

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं नागपूरचे, साठी ओलांडलेले. मी वीज मंडळातून निवृत्त झालो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही हसणार आहात. दोन वर्षांपूर्वी जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. पासिंग कॅम्पर म्हणूनच आहे, तेव्हा आरटीओचे सल्ले नकोत, ते सगळं भोगून झालंय.

हिवाळ्यात काही त्रास नाही. रामटेक, नागझिरा, चिखलदरा, लोणार झालं. सकाळी चहा झाला की ही बाहेर खुर्ची टाकून मेथी निवडते, मी टाकीत पाणी किती उरलं ते बघतो. ८० लिटरची टाकी हिच्या हिशेबाने दोन दिवसांची, माझ्या हिशेबाने तीन. एकाने पोळ्या लाटायच्या तर दुसऱ्याने पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. त्याची सवय झाली. आता उलट घरीच हरवल्यासारखं होतं.

भांडण एकाच गोष्टीवरून, आणि तेही मार्च लागला की. गाडी कुठे लावायची?

छतावर २०० वॅटचं पॅनल, आत १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर, म्हणजे पाणी भरायची बॅटरी. उन्हात लावली तर चार्जिंग होतं, पण आत भट्टी. कडुलिंबाखाली लावली तर ही खूश आणि बॅटरी रात्री दोनला मान टाकते. ४५ लिटरचा फ्रीज उन्हाळ्यात दिवसाला ६००-७०० वॅट-तास खातो. दोन पंखे रात्रभर ३००. दिवे, मोबाईल ५०. झालं एक युनिट, म्हणजे हजार वॅट-तास. बॅटरीत कागदावर १२ गुणिले १५०, म्हणजे १८००, पण निम्म्याखाली उतरवली की ती लवकर मरते, म्हणजे हाताशी ९००. त्यात पॅनल २५ अंशांच्या वर तापलं की अंशाला साधारण ०.४ टक्के कमी देतं. ६५ अंशांना १६ टक्के गेले.

फ्रीज बंद ठेवा म्हणाल, तर हिला इन्सुलिन आहे. न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत लागतात. मागच्या एप्रिलमध्ये सिवनीच्या अलीकडे मुक्काम केला. सकाळी फ्रीज उघडला तर दही आंबलेलं आणि थर्मामीटरवर १९. चारही पेनं फेकली. ही दिवसभर गप्प होती. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "चौतीस वर्षं गावाची लाईन सांभाळली म्हणे, अन् चार पेनांची नाही?"

यंदा एप्रिलअखेर सिवनी, मंडला, डिंडोरी करत अमरकंटक करायचंय, दहा-बारा दिवस. खर्च एकाचाच झेपेल: लिथियम बॅटरी की आणखी पॅनल? आणि फ्रीज बंद पडला तर इन्सुलिनचं तुम्ही काय करता? एसी सुचवू नका.

वैनगंगाकाठ: काका, काकूंचं बरोबर आहे. गाडी सावलीत ठेवा, पॅनल उन्हात न्या. घडीचं पॅनल मिळतं. दहा मीटर वायर, पण जाड घ्या, ६ चौरस मिमी तरी, आणि कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला बेताने देणारा डबा) बॅटरीजवळ ठेवा. लिथियम आत्ता नको. भांडं मोठं केलं तरी नळ तोच ना? आणि हो, शेळ्या वायर चावतात.

स्टेअरिंगवाला: चालत्या गाडीतून चार्जिंग घेता की नाही? आल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज करणारा) आणि बॅटरीच्या मध्ये डीसी-डीसी चार्जर बसवा, २० अँपिअरचा. १५० एएचच्या ट्युब्युलरला त्याहून मोठा नको. तासाला अडीचशेच्या आसपास वॅट-तास मिळतील. बॅटरी ठेवलीय कुठे?

धागाकर्ता: पलंगाखाली.

स्टेअरिंगवाला: पलंगाखाली?! पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो ठिणगीनेही पेटतो. तुम्ही मंडळातले, तुम्हाला काय सांगावं. शेगडी त्याच डब्यात पेटवता ना? बॅटरीला बंद पेटी करा आणि वरून नळी गाडीबाहेर काढा. हे पॅनलच्या आधी करा.

मोहफूल: माझ्या आईलाही इन्सुलिन आहे. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात छान गार राहतं, पण २ ते ८ अंश विसरा. वापरात असलेलं पेन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं, त्यासाठी ठीक. ब्रँडप्रमाणे फरक पडतो, डॉक्टरांना विचारून घ्या. चार-चार पेनांचा साठा नेताच कशाला? एक वापरातलं, एक जादा, आणि वाटेत घ्यायला डॉक्टरांची चिठ्ठी. बर्फाला टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. बॅटरीची पेटी उद्याच करतो, खरंच लाज वाटली. वैनगंगाकाठ, पॅनल कुठून घेतलंत ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मडकी हिने सकाळीच आणली. शेळ्यांचं पण मी बघते म्हणाली.