चावीची घड्याळं: कुणी कुठं दुरुस्त केली?

काल बेळगावात शहापुरातलं जुनं कपाट आवरताना बाबांची एचएमटी जनता मिळाली, चावीचं मनगटी घड्याळ. चावी दिली, दोन मिनिटं चालून बंद. खडेबाजारात नेली. घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण काढलं आणि माझ्याच हातावर ठेवलं. आतल्या बाजूला सुईनं खरवडलेल्या तीन तारखा, सर्व्हिसिंगच्या. शेवटची १९९४. तेल वाळून गोंद झालंय, स्प्रिंगही गेलीय म्हणाला. नवी मिळंना. तुमचे अनुभव सांगा.

खानापूरकर: दुसरी बंद जनता घे आणि तिची स्प्रिंग काढ. एचएमटीचीच पायलट पण चालेल, पण मशीनवर ०२३१ आकडा बघूनच घे. कंपनीची आशा सोड, सरकारनं २०१६ लाच घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं.

निपाणीची सून: आमचे मामंजी तंबाखूच्या वखारीत होते. त्यांचं घड्याळ उघडलं की घड्याळजी आधी शिंकायचा 😂 नंतर दुसऱ्या एकाकडं दिलं. चार महिने 'नाळे बर्री, नाळे बर्री' (उद्या या, उद्या या). परत आलं तर सेकंदकाटा लाल! आमचा पांढरा होता हो. भांडले, पण काटा काही मिळाला नाही.

टिळकवाडी: म्हणून देतानाच डायलचा आणि आतल्या मशीनचा फोटो काढायचा. आणि डायल रंगवून घेऊ नका, हात जोडतो. मी ऑनलाइन 'जुनी' पायलट घेतली, डायल मोरपिशी, अक्षरं वाकडी. लग्नातल्या बँडवाल्यासारखी दिसतीय.

खानापूरकर: फोटो टाक की बँडवाल्याचा

चिकोडी: घाईत लिहितोय, गिऱ्हाईक आहे. काच प्लास्टिकची असती, बारीक ओरखडे टूथपेस्टनं जातात. चावी अडली की थांबा, जोर लावू नका. माझ्या पोरानं लावला.

मारुती गल्ली: खडेबाजारात गाडी कुठं लावलास ते सांग आधी. मला अर्धा तास फिरून जागा मिळंना, शेवटी कुंदा (मिठाई) घेऊन घरी आलो.

निपाणीची सून: मग कुंदा कुणाकडचा?

धागाकर्ता: गाडी नेलीच नाही, चालत गेलो. @खानापूरकर, रविवार पेठेत एक बंद पायलट मिळाली, आकडा ०२३१ च. तिच्या झाकणात पण तारखा आहेत, पाच. कुणाची होती कुणास ठाऊक. तिची स्प्रिंग काढायला मन होईना, आता दोन्ही टेबलावर बंद पडून आहेत. बायको विचारायलीय, वेळ किती झाला.