‘फक्त अडतीस हजार’ : मीटर फिरवलेल्या गाड्यांचे अनुभव सांगा

जुनी चावी

सकाळी भाच्याचा फोन. "मावशी, गाडी मिळाली! सहा वर्षांची, एकच मालक, रनिंग फक्त अडतीस हजार." तो ‘फक्त’ ऐकला आणि माझ्या पोटात गोळाच आला. अगदी याच सुरात हा शब्द मी एकदा ऐकलाय.

आमची पहिली गाडी. नवऱ्याला चालवता यायची, मी शिकत होते. मीटरवर ४६ हजार. विकणारा इतका गोड बोलायचा की मीटरवर नुसतं शून्य असतं तरी आम्ही घेतली असती. तिसऱ्या महिन्यात क्लच गेला. मग पुढचे बुश. मग स्टिअरिंगमध्ये खडखड. दर वेळी आम्ही एकमेकांच्या चालवण्याला नावं ठेवायचो आणि मी शिकाऊ, त्यामुळे क्लचचं पाप माझ्या माथी.

वर्षभराने एकदा गाडी धुताना ड्रायव्हरचं दार पार शेवटपर्यंत उघडलं. बिजागराच्या खाली एक अर्धवट खरवडलेला स्टिकर. ऑइल बदलल्याचा. पेनाने लिहिलेलं, पुढचं ऑइल १,२२,००० ला. आमचं मीटर तेव्हा ५५ हजारांवर होतं. म्हणजे कुणीतरी आकडा मागे फिरवून गाडी आमच्या गळ्यात मारलेली.

ओलं फडकं हातात घेऊन तशीच जमिनीवर बसले. राग यायला पाहिजे होता, पण पहिलं काय डोक्यात आलं असेल तर, क्लच मी नाही घालवला!

भाचा उद्या गाडी बघायला जाणार आहे. पटापट लिहा, त्याला वाचायला देते. मी सांगितलं की "मावशी उगाच घाबरवते" म्हणतो.

तेलकट हात

ताई, पाप फिटलं हे बरं झालं.

गॅरेजात वीस वर्षं गेली माझी. भाच्याला सांगा मीटर सगळ्यात शेवटी बघायचं. आधी खाली वाकून पेडलं बघायची. क्लच-ब्रेकच्या रबरावरच्या रेघा गेल्यात, कडा गोल झाल्यात, तर ती अडतीस हजाराची गाडी नव्हे. आणि सहा वर्षांच्या गाडीत रबर कोरं करकरीत असेल तर जास्तच शंका घ्यायची, बदलायची वेळ का आली? मग स्टिअरिंगला तकाकी आलीय का, गिअरच्या गोळ्यावरचे आकडे पुसलेत का, काच वरखाली करायचं बटण. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड चढता-उतरता घासते, तिथला फोम दाबून बघायचा. कव्हर असेल तर काढायला लावायचं, लाजायचं नाही.

आणि सीटबेल्ट. पूर्ण बाहेर ओढायचा. रोज वापरलेला पट्टा कडेला लव धरतो, मऊ पडतो, सोडला की आळसावत आत जातो. पेडलं बदलतात, कव्हरं बदलतात, पट्टा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

मागची सीट

आळसावत आत जातो... आमचे चिरंजीव शाळेत जातात तसा.

अर्धा क्लच

माझं उलटं आहे, मी विकणारा. गाडी एजंटाला दिली तेव्हा रीडिंग ९४ हजार. पाचसहा महिन्यांनी सहज जाहिराती चाळत होतो तर माझीच गाडी समोर! नंबर झाकलेला, पण मागच्या काचेवर मुलीने चिकटवलेल्या कासवाचा ठसा तसाच. स्टिकर निघतो, ठसा राहतो. डिकीवरचा पोचाही ओळखीचा, मीच रिव्हर्समध्ये खांबाला दिलेला. रनिंग ५१ हजार. आणि वर ‘डॉक्टरांनी वापरलेली’. मी शिक्षक आहे हो.

गिऱ्हाईक बनून फोन केला. किलोमीटर खरे ना? म्हणाला, "साहेब, मूळ मालकाला मी पर्सनली ओळखतो." म्हटलं मीही ओळखतो. फोन कट.

तेव्हापासून गाडी देताना मीटरचा फोटो काढतो आणि विक्रीच्या कागदावर रीडिंग आकड्यात आणि अक्षरात लिहून दोघांच्या सह्या घेतो. घेणाऱ्याने तर नक्कीच घ्याव्यात.

जुनी चावी

"मीही ओळखतो" !!!! मेले हसून. कपडे वाळत घालता घालता वाचतेय, शेजारच्या बघायला लागल्या.

पाऊलखुणा

आम्हाला टायरने वाचवलं. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३१२१ म्हणजे २०२१ चा एकतिसावा आठवडा. आम्ही बघितलेली गाडी २०१७ ची, मीटरवर २४ हजार आणि चारही टायर २०२१ चे. चोवीस हजारात अख्खा संच बदलला? म्हणे उन्हाने तडे गेले. असेल बाबा, जातात तडे. मग डिकीतली स्टेपनी काढायला लावली, "कधी वापरलीच नाही" असं तो पाच मिनिटांपूर्वी बोललेला. स्टेपनी २०१७ ची, आणि तळहातासारखी गुळगुळीत.

आम्ही काही बोललो नाही. त्यानेच डिकी बंद केली.

रात्रपाळी

लिहू की नको करत होतो. कॉलेजात असताना सुट्टीत जुन्या गाड्यांच्या एका आवारात कामाला होतो, गाड्या धुवायचो. दर आठवड्याला एक जण लॅपटॉप घेऊन यायचा. मला वाटायचं टेप दुरुस्त करतो. स्टिअरिंगखाली वायर जोडायचा, मी दोन चाकं पुसेपर्यंत निघूनही जायचा. लोकांना वाटतं डिजिटल मीटर म्हणजे फिरवता येत नाही. उलट आहे. जुन्या चकत्यांच्या मीटरला डॅशबोर्ड उघडावा लागायचा, स्क्रूवर ओरखडे राहायचे, आकडे एका ओळीत बसायचे नाहीत. डोळ्यांना दिसायचं. हे दिसत नाही.

तो गेला की माझं काम सुरू. पेडलची रबरं बदलायची, जुनी बिलं कप्प्यातून काढायची, ऑइलचे स्टिकर खरवडायचे. कारण कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कळत मात्र होतं. ताई, तुमचा अर्धवट खरवडलेला स्टिकर वाचून कसंसंच झालं.

जुनी चावी

रात्रपाळी, अरे तो तू नसशील. आणि असलास तर थँक्यू, अर्धवट सोडलास म्हणून. पूर्ण खरवडला असतास तर क्लच अजून माझ्याच नावावर असता.

तेलकट हात

मीटरमधला आकडा एका चिपमध्ये साठवलेला असतो, लॅपटॉपवाला तो बदलतो. पण गाडीत कॉम्प्युटर एकच नसतो. इंजिनाचा वेगळा, गिअरबॉक्सचा वेगळा, एबीएसचा, म्हणजे ब्रेक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, वेगळा. बऱ्याच गाड्यांत यांच्यातही कुठेतरी किलोमीटर नाहीतर इंजिन चालल्याचे तास नोंदलेले असतात, काही कंपन्यांच्या तर चावीतसुद्धा. स्कॅनर लावून सगळे वाचून घ्यायचे. घाईघाईत फिरवणारा एकाच जागी फिरवतो. सगळीकडे फिरवणारेही आहेत, म्हणून म्हटलं पट्टा ओढा.

मध्ये एक आलेली. मीटर ३८,०००, इंजिनाचे तास ३,१००. करा भागाकार.

मागची सीट

१२ आणि वर काहीतरी.

तेलकट हात

ताशी बारा किलोमीटर. सायकलवाला हॉर्न देऊन पुढे जाईल. रोज गर्दीत अडकणारी गाडीसुद्धा सरासरी याच्या वर असते. फार तर तासन्तास उभ्या गाडीत एसी लावून झोपणारा ड्रायव्हर असेल. मग मीटर खरं, पण इंजिन मीटरपेक्षा म्हातारं, तीही नको.

निवांत

थोडं दुसऱ्या बाजूने लिहितो. असंच सगळं वाचून, शंकेखोर होऊन आम्ही एक गाडी बघायला गेलो. अकरा वर्षांची, रनिंग १९ हजार. विकणाऱ्या आजी होत्या, यजमान गेलेले. मी पेडलं बघितली, पट्टा ओढला, टॉर्च मारून खालून बघितलं. आजी खुर्ची टाकून शांत बघत होत्या. शेवटी मी जरा तोऱ्यात विचारलं, "एवढं कमी कसं?" त्या आत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या. यजमानांनी गाडी घेतल्या दिवसापासून प्रत्येक वेळचं पेट्रोल लिहिलेलं, तारीख, लिटर, रीडिंग. एकही ओळ सुटलेली नाही. शेवटच्या दोन पानांवर अक्षर बदललं होतं, कापरं. त्याच्या पुढे काही नाही. आजी म्हणाल्या, "आता मी आठवड्याला एकदा नुसती सुरू करून ठेवते."

मान वर करवेना. घेतली गाडी. किलोमीटर शंभर टक्के खरे, तरी खर्च निघालाच. रबर टणक झालेलं, कूलंट तपकिरी, टाइमिंग बेल्ट तर वर्षांनीही म्हातारा होतो, चालो न चालो. टायर दिसायला नवे आणि हाताला लाकूड. कमी रनिंग म्हणजे चांगली गाडी हे डोक्यातून काढा.

वही त्यांनी गाडीबरोबर दिली. मी त्यातच पुढे लिहितो.

पाऊलखुणा

वाचून गप्प झाले.

साखळी

दुचाकीचं चालेल का इथे? आमचे काका स्कूटरच्या मीटरची केबल खालून काढून ठेवायचे. विकायची म्हणून नव्हे हं. "मीटर झिजू नये म्हणून." सोळा वर्षं वापरली, रीडिंग चार हजार काहीतरी. विकायला काढली तेव्हा कुणी विश्वास ठेवेना, तर काकाच चिडले, लोक किती संशयी झालेत म्हणून.

मागची सीट

काकांना माझा साष्टांग.

दूरदेशी

जिथे मीटरची नोंद सरकारी चोपडीत होते तिथे जरा बरं आहे. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना ‘कार-पास’ द्यावाच लागतो, त्यात गॅरेजांनी वेळोवेळी नोंदवलेलं रीडिंग तारखेसकट. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी, त्यातलं रीडिंग नंबर टाकून कुणालाही फुकट बघता येतं. जर्मनीत मीटर फिरवणं २००५ पासून फौजदारी गुन्हा, वर्षभरापर्यंत कैद. अमेरिकेत कायदा १९७२ चा, तरी तिथल्या रस्ते सुरक्षा खात्याचाच अंदाज आहे की वर्षाला साडेचार लाखांवर गाड्या खोट्या रीडिंगने विकल्या जातात. नोंद नसेल तिथे सर्व्हिसची बिलं हीच चोपडी. बिलांवरचं रीडिंग तारखेच्या क्रमाने लावायचं, मध्येच आकडा खाली उतरला की कळलं. आणि दोनतीन वर्षांची बिलं एकदम गायब असतील तर त्याच वर्षांत काहीतरी झालंय. नवी कोरी सर्व्हिस बुकं छापून मिळतात, सगळ्या नोंदी एकाच पेनाने एकाच अक्षरात असल्या तर सांभाळून.

अवांतर: रोमन लोकांच्या एका गाडीचं वर्णन आहे, चाकाला दाते लावून दर मैलाला एक खडा डब्यात पडायचा. म्हणजे ओडोमीटर, हे आपलं अंतर मोजणारं मीटर, नवं नाही.

अर्धा क्लच

आणि मूठभर खडे काढून टाकणारा एजंटही तेव्हापासूनच असणार.

नवशिकी

वेड्यासारखा प्रश्न असेल, पण बॅटरी काढली तर मीटर शून्य होतं का? आमच्या गाडीची परवा बदलली. तेव्हापासून घड्याळ चुकतंय.

तेलकट हात

नाही. ट्रिप मीटर, घड्याळ, रेडिओ जाऊ शकतं, मुख्य रीडिंग वीज गेली तरी राहतं. घड्याळ लावून घ्या आणि निवांत चालवा.

जुनी चावी

भाचा जाऊन आला!! उद्या जाणार होता, धागा वाचून दम धरवेना.

पेडलची रबरं नवीन. विचारलं तर मालक म्हणाला, जुनी पावसात सडली. मीटरबद्दल विचारलं तर म्हणे मधे मीटर जळलं होतं, नवीन बसवलं.

तेलकट हात

हे होऊ शकतं हं, खोटंच असेल असं नाही. मीटर जळतात, बदलतात. पण मग बिल असतं आणि नीट काम करणारा त्यावर जुनं रीडिंग लिहितो. बिल मागा.

जुनी चावी

मागितलं. बिल हरवलं. गॅरेजचं नाव विचारलं तर ते बंद झालं. आपल्या मेकॅनिककडे नेऊन स्कॅनर लावू का विचारलं तर "परवा या, आज घाईत आहे".

रात्रपाळी

परवापर्यंत लॅपटॉपवाला येऊन जाईल.

पाऊलखुणा

आणि पट्टा? पट्टा ओढला का त्याने?

जुनी चावी

ओढला. म्हणतो, "मावशी, सोडला तर तो आत गेलाच नाही. तसाच लोंबत राहिला. शेवटी मीच हाताने कोंबला."

मागची सीट

शाळेला सुट्टी.