डायझोटायझेशनला आइस बाथ ५ डिग्रीच्या खाली जातच नाही, काय करू?

एमएस्सी_पार्टवन: प्रॅक्टिकलला ॲनिलीनचं डायझोटायझेशन आहे (थंड ॲसिडमधे सोडियम नायट्राइट घालून त्याचं डायझोनियम सॉल्ट करायचं), मग ते बीटा नॅफ्थॉलशी जोडून, म्हणजे कपलिंग करून, नारंगी-लाल डाय काढायचा. ०-५ डिग्री ठेवा म्हणतात पण ट्रेमधे बर्फाचे मोठे तुकडे आणि त्यात बीकर, आत ८-९ च्या खाली येतच नाही. मीठ टाकू का? पुढे एक रिॲक्शन -१५ ला पण आहे, तिला ड्राय आइस (गोठलेला कार्बन डायऑक्साइड) मागवावा लागेल का?

डोंबिवलीकर: मीठ राहू दे, आधी पाणी टाक! मोठ्या तुकड्यांमधे नुसती हवा असते, काचेला बर्फ टेकतो तरी किती? बर्फ फडक्यात बांधून बारीक कुट आणि थोडं पाणी घालून लगदा कर, बीकर आतल्या द्रावणाच्या लेव्हलपर्यंत त्यात बुडला पाहिजे. नायट्राइटचं द्रावणही आधी गार करून थेंब थेंब सोड, कारण रिॲक्शन स्वतःच उष्णता सोडते, भसकन ओतलंस तर कुठलाच बाथ पुरणार नाही. ५ च्या वर गेलं की डायझोनियम फुटायला लागतं, नायट्रोजनचे बुडबुडे येतात आणि फिनॉल बनतं. आणि ते सॉल्ट गाळून सुकवायचं अजिबात नाही, स्फोट होऊ शकतो, लगेच कपलिंगला घे.

जुना_लॅबवाला: वरचं बरोबर आहे. -१५ ला ड्राय आइस कशाला, कुल्फीवाल्याच्या मटक्यातलंच तंत्र पुरतं. कुटलेला बर्फ ३ भाग, मीठ १ भाग, वजनाने, थर देत नीट मिसळ. थिअरीत -२१ पर्यंत जातं, हाताशी -१० ते -१५ तरी मिळतंच. इथे मात्र जास्तीचं पाणी आधी काढून टाक, नाहीतर मीठ पातळ होतं. अजून खाली हवं तर कॅल्शियम क्लोराइड, पण हेक्झाहायड्रेटच (स्फटिकात पाणी असलेलं) घे, -४० पर्यंत जातं. ॲनहायड्रस (बिनपाण्याचं) विरघळताना उलट गरम होतं.

एमएस्सी_पार्टवन: खूप खूप थँक्स दोघांना! थर्मामीटर बाथमधे ठेवू की बीकरमधे?

डोंबिवलीकर: बीकरमधे, रिॲक्शनचं टेम्परेचर महत्त्वाचं. फक्त त्याने ढवळू नको, काचेचा रॉड वेगळा ठेव. कधी ड्राय आइस-ॲसिटोनवर गेलास तर तो -७८ ला असतो, पारा -३९ लाच गोठतो, तेव्हा अल्कोहोल थर्मामीटर लागेल. तुकडे एकदम टाकू नकोस, ॲसिटोन उसळतं. फ्यूम हूडमधेच कर, आसपास बर्नर नको.