ग्राफिक्स कार्डाचे फॅन फिरतात पण डिस्प्ले नाही. साफसफाईनंतर व्हीजीएची लाइट पेटलेलीच

अडलेला_रेंडर (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या साफसफाईत पीसी उघडला आणि तेव्हापासून स्क्रीन काळी. प्रोसेसर रायझन ५ ५६००, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, ५५० वॉटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (पॉवर सप्लाय). आधी काहीच तक्रार नव्हती.

कार्ड काढलं, ब्लोअर मारला, खालच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या, परत बसवलं. आता पॉवर दिली की कार्डाचे दोन्ही फॅन धरून सगळे फॅन फिरतात. बोर्डावरच्या तपासणीच्या लाइटपैकी सीपीयू आणि डीरॅमची (रॅमची) पेटून विझते, व्हीजीएची (ग्राफिक्स कार्डाची) मात्र तशीच राहते. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’.

मॉनिटर आणि एचडीएमआय केबल लॅपटॉपवर नीट चालतात. रॅम काढून घातली. केबल बोर्डाच्या मागच्या एचडीएमआयला लावली तर तिथेही अंधार, म्हणून बोर्डच गेला की काय अशी शंका. एका दुकानात नेलं तर न उघडताच ‘कार्ड डेड, नवीन घ्या’. वॉरंटी संपलीय. घरी मल्टिमीटर आहे, मित्राचं जुनं जीटी ७१० कार्ड मागून आणता येईल. कार्ड की बोर्ड, हे घरच्या घरी कसं ठरवायचं?

---

पायरीपायरीने

बोर्डाच्या एचडीएमआयवरचा अंधार पुरावा म्हणून धरू नका. रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्सच नाही, ते ५६००जी मध्ये असतं. बोर्डाला पोर्ट दिलेलं असलं तरी मागे चित्र बनवणारं कोणी नाही. इंटेलच्या ‘एफ’वाल्या प्रोसेसरचंही तेच, १२४००एफ घेऊन बोर्डाच्या पोर्टला केबल लावून बसलेले लोक इथे दर महिन्याला येतात.

फॅन फिरतात याचाही फार अर्थ काढू नका. फॅनला १२ व्होल्ट मिळाले की तो फिरतो, चिप जागी आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. तुमच्याकडे खरी माहिती देणारी गोष्ट एकच, ती व्हीजीएची लाइट. सीपीयू आणि रॅमची तपासणी पार पडलीय, बोर्ड पुढे जाऊन कार्ड शोधतोय आणि त्याला ते सापडत नाहीये किंवा सुरू करता येत नाहीये. म्हणजे प्रश्न एवढ्याच पट्ट्यात आहे: स्लॉट, कार्ड, कार्डाची पॉवर, बायोसचं (बोर्ड सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरचं) सेटिंग.

आधी बिनपैशाचं. मागचं बटण बंद करा, वायर काढा, कॅबिनेटचं पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरा. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल (नाण्यासारखा, बायोसचं सेटिंग जपणारा) काढून पाच मिनिटं थांबा. तो ३ व्होल्टच्या आसपास हवा, २.७ च्या खाली असेल तर नवीनच घाला. परत चालू केल्यावर लगेच हताश होऊ नका. बायोस रिसेट झाल्यावर रायझन रॅमचं ट्रेनिंग (रॅमशी जुळवणी) नव्याने करतो, कधीकधी मिनिटभर काहीच दिसत नाही.

मग कार्ड परत बसवा, पण मागच्या पट्टीचा स्क्रू सैल ठेवून. बऱ्याच कॅबिनेटमध्ये ती पट्टी एखादा मिलिमीटर वाकडी असते. स्क्रू आवळला की कार्डाचं शेपूट स्लॉटमधून उचललं जातं. स्लॉटचा खटका ‘टक’ करून लागला तरी बाजूने डोकावून पाहा, सोनेरी पट्टी कुठेच दिसता कामा नये.

आणि जीटी ७१० आणाच. ते काय सांगतं आणि काय नाही ते नंतर लिहितो.

---

एसएमपीएस_आधी

वरचं बरोबर, पण पॉवरकडे आधी बघा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, १६६० सुपरची भूक १२५ वॉटची. बाकीचं आठ पिनच्या केबलमधून येतं. ही केबल ६+२ अशी असते आणि तो दोन पिनांचा तुकडा हमखास दगा देतो: लावताना मागे सरकतो आणि बाहेरून मात्र पूर्ण बसल्यासारखा दिसतो. सहाच पिना लागल्या तर कार्डाला ‘आठ पिना आल्या’ हा इशारा मिळत नाही आणि बरीच कार्डं तिथेच अडून बसतात. दोन्ही तुकडे हातात एकत्र जुळवून मग खटका लागेपर्यंत दाबा.

सीपीयूची ४+४ केबल तिथे चुकूनही लावू नका. पिनांचे आकार वेगळे आहेत, पण जोर लावणाऱ्याला ते अडवत नाहीत. सीपीयूच्या केबलमध्ये खटक्याच्या बाजूला १२ व्होल्ट असतात, कार्डाच्या केबलमध्ये खटक्याच्या बाजूला ग्राउंड. उलटं लागलं की सरळ शॉर्ट.

साटा-टू-आठ-पिन कन्व्हर्टर (हार्ड डिस्कच्या पॉवर प्लगमधून कार्डाला वीज देणारा) वापरत असाल तर आजच फेका. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीला दीड अँपियर, म्हणजे ५४ वॉट. त्यातून १५० वॉटच्या सॉकेटला पुरवठा करायचा म्हणजे प्लास्टिक वितळायची वाट बघणं.

मोजमाप: कार्ड लावलेलं, पीसी चालू, मल्टिमीटरची काळी पिन कॅबिनेटच्या उघड्या धातूवर, लाल पिन आठ पिनच्या प्लगमध्ये मागून, १२ व्होल्टची वायर जिथे आत जाते तिथून. ११.४ ते १२.६ मध्ये आकडा हवा. नंतर सगळं बंद करून, कार्ड बाहेर काढून, कार्डाच्या सॉकेटमधल्या १२ व्होल्टच्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत रेझिस्टन्स मोजा. किलोओहममध्ये आला तर ठीक. एक-दोन ओहम आला तर मॉस्फेट (कार्डावरचा वीज चालू-बंद करणारा भाग) शॉर्ट आहे, मग ते कार्ड परत पीसीत घालू नका. कोअरला (मुख्य चिपला) वीज देणाऱ्या मोठ्या कॉइलवर मात्र एखादा ओहम किंवा त्याहून कमी दिसतो आणि ते नॉर्मल आहे. तिथे बीप वाजला म्हणून ‘चिप शॉर्ट’ ठरवणारे कारागीरही असतात.

---

पंचवटीचा_वाडा

एक बाजूची गोष्ट. जुन्या घरात अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर साधारण निम्मा सप्लाय तरंगत असतो, हाताला मुंग्या येतात ते हेच. अशा वेळी चालू पीसीला चालू टीव्हीची एचडीएमआय खुपसली की पोर्ट जाऊ शकतं आणि कार्ड ‘डेड’ ठरतं. केबल लावायची ती दोन्ही बाजूंचं स्विच बंद करून. शेवटी डिस्प्लेपोर्टवरही एकदा तपासा.

(पण पोर्ट गेलं तर व्हीजीएची लाइट सहसा पेटून राहत नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत हे नसावं.)

---

अडलेला_रेंडर

सगळ्यांचे आभार. आकडे:

सेल ३.०२ व्होल्ट. बायोस रिसेट करून दोन मिनिटं थांबलो, फरक नाही. आठ पिन पूर्ण बसलीय, कन्व्हर्टर नाही. चालू असताना १२.०८ व्होल्ट. कार्डाच्या सॉकेटवर रेझिस्टन्स किलोओहममध्ये, शॉर्ट नाही. स्क्रू सैल ठेवूनही तेच. डिस्प्लेपोर्टवरही काही नाही.

जीटी ७१० त्याच स्लॉटमध्ये लावलं तर पहिल्या फटक्यात डिस्प्ले आला, विंडोज उघडलं. म्हणजे १६६० गेलं असंच ना?

---

पायरीपायरीने

एवढ्या लवकर नाही. ७१० ला वेगळी पॉवर केबल लागत नाही, ते १९ वॉटचं कार्ड आहे आणि स्लॉटमधल्या १६ पैकी ८ लेनच (डेटाच्या वाटा) वापरतं. त्यामुळे त्याने एवढंच सिद्ध केलं की प्रोसेसर, रॅम, बायोस आणि स्लॉटचा पुढचा अर्धा भाग ठीक आहे. मागचा अर्धा तपासायचा राहिला असला तरी तो खराब असता तर १६६० बहुधा आठ लेनवर उतरून चालू झालं असतं. पहिली लेनच तुटली तर मात्र कार्ड दिसतच नाही. ७१० चाललं म्हणजे बोर्डाच्या बाजूने ती शाबूत आहे.

तेव्हा दोष कार्डात, हे कबूल. पण ‘कार्डात’ म्हणजे ‘चिपमध्ये’ असं नव्हे.

---

सोल्डरची_वाफ

खोडरबर हा शब्द वाचला तेव्हाच शंका आली होती.

कार्ड टेबलावर ठेवा आणि सोनेरी पट्ट्यांच्या लगेच वर मोबाईलच्या टॉर्चने, तिरप्या उजेडात बघा. तिथे खसखशीएवढ्या तपकिरी तुकड्यांच्या जोड्या ओळीने दिसतील. हे कॅपॅसिटर. प्रत्येक लेनचा सिग्नल दोन तारांवरून कार्डाबाहेर जातो आणि प्रत्येक तारेत एक कॅपॅसिटर मध्ये बसवलेला असतो, १६ लेनचे ३२. खोडरबराने आडवं घासताना बोट किंवा रबराची कड त्यांना लागते. सोल्डरचा टवका उडतो, तुकडा रबराच्या कचऱ्याबरोबर झटकला जातो आणि कोणाला कळतही नाही. कार्ड काढताना स्लॉटच्या कडेला घासूनही हेच होतं.

कुठला उडाला यावर परिणाम ठरतो. सोनेरी पट्टीत एक खाच असते: मागच्या लोखंडी पट्टीकडच्या बाजूला ११ पट्ट्यांचा छोटा तुकडा, मग खाच, मग लांब तुकडा. छोट्या तुकड्यात मुख्यतः पॉवर असते, पहिली लेन खाचेला लागून लांब तुकड्याच्या सुरुवातीला. टोकाकडचा एखादा कॅपॅसिटर गेला तर कार्ड कमी लेनवर चालत राहतं, वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. खाचेजवळचा गेला तर बहुतेक वेळा बोर्डाला कार्ड दिसतच नाही. फॅन फिरतात, १२ व्होल्ट बरोबर, शॉर्ट नाही, व्हीजीए लाइट लागलेली: चित्र तुमचंच.

दोन्ही बाजू बघा. रिकामी जागा ओळखायची खूण अशी: दोन चकचकीत चांदीचे ठिपके, आजूबाजूच्या जोड्यांशी रांगेत, पण वर काही नाही. कारखान्यातूनच रिकामी सोडलेली जागा सपाट आणि मंद दिसते, उडालेल्या जागी सोल्डर ओबडधोबड असतं.

---

ब्लोअर_भाऊ

खोडरबराला उगाच बदनाम करताय. पट्ट्या काळवंडल्या की आमच्याकडे निम्मी ‘नो डिस्प्ले’ कार्डं खोडरबरानेच उठतात.

---

सोल्डरची_वाफ

उठतात, नाही कुठे म्हटलं. निम्मी तर नुसती काढून घातल्यानेही उठली असती. सोन्याचा थर फार पातळ असतो. पांढरं मऊ रबर, वरून खालच्या कडेकडे, हलक्या हाताने दोन-तीनदा, एवढंच चालतं. आडवं नाही आणि शाईचं खरखरीत रबर तर अजिबात नाही. त्याहून बरं म्हणजे ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड. आणि ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंगची वाट लागते. द्राक्षबागेत फवारणी नाही चाललेली.

---

अडलेला_रेंडर

सापडलं! कूलरच्या उलट बाजूला, खाचेला लागूनच्या पहिल्या जोडीतला एक गायब. दोन ओबडधोबड ठिपके, शेजारचा जागेवर. टेबल झाडून पाहिलं, तुकडा काही मिळाला नाही. ठिपके सोल्डरने जोडून टाकले तर चालेल का? एम. जी. रोडवरच्या मोबाईल रिपेअरवाल्याकडे मायक्रोस्कोप आहे, त्याच्याकडे नेऊ का?

---

सोल्डरची_वाफ

जोडू नका. कार्ड आणि बोर्ड यांच्यातला डीसी अडवायलाच तो तिथे आहे. जोडलेलं चाललं तरी ती उधारी आहे.

मोबाईलवाल्याकडे अवश्य न्या, हे काम त्यांच्या रोजच्या हातातलं आहे. फक्त एक गोष्ट स्पष्ट सांगा. मोबाईलच्या बोर्डावर बरेच कॅपॅसिटर लाइन आणि ग्राउंडच्या मध्ये असतात. तिथला शॉर्ट झालेला एखादा नुसता काढून टाकला तरी फोन चालतो, त्यामुळे ‘नसला तरी चालतंय’ ही सवय लागलेली असते. हा कॅपॅसिटर लाइनच्या मधोमध आहे. तो नाही म्हणजे वाटच तुटली.

किंमत ०.२२ मायक्रोफॅरड. अंगावर काही छापलेलं नसतं, म्हणून आकार शेजारच्यावरून ठरवा. ०४०२ असेल तर १ बाय ०.५ मिलिमीटर. सगळ्यात सोपं म्हणजे भंगारातल्या कार्डाच्या याच ओळीतला काढून घेणं, पण पीसीआयई (कार्डाच्या स्लॉटचं मानक) ३.० चंच कार्ड बघा. जुन्या २.० च्या कार्डांवर तिथे ०.१ चे असतात. याला प्लस-मायनस नाही, कसाही फिरवून लावा.

बारीक टोकाचा आयर्न ३३०-३५० अंशांवर, भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट चिकटवणारं द्रव्य), आधी एका ठिपक्यावर ताजं सोल्डर, चिमट्याने तुकडा टेकवून ते टोक पकडायचं, मग दुसरं. हॉट एअर मारायचीच असेल तर हवा कमी, नाहीतर शेजारची जोडीही उडेल. झाल्यावर मल्टिमीटर बीपवर: दोन्ही टोकांत बीप नको, कुठल्याही टोकापासून ग्राउंडला बीप नको. फ्लक्स अल्कोहोलने धुवा, सोनेरी पट्टीवर सोल्डरचा थेंब पडला नाही ना ते बघा आणि पूर्ण वाळल्यावरच स्लॉटमध्ये घाला.

कोणी ‘ओव्हनमध्ये भाजून बघू’ किंवा ‘चिप रीबॉल करू’ (चिपखालचे सोल्डरचे मणी बदलू) म्हणालं तर कार्ड उचला आणि निघा.

---

अडलेला_रेंडर

डिस्प्ले आला. रिपेअरवाल्याने भंगार कार्डातलाच काढून लावला, दहा मिनिटांचं काम. व्हीजीए लाइट पेटून विझते, बायोस दिसतं, विंडोजही उघडलं. फक्त रिझोल्यूशन लहान आहे, आणि जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) बस इंटरफेससमोर ‘x१६ ३.० @ x१६ १.१’ असं येतंय. हा १.१ म्हणजे जोड कच्चा राहिला का?

---

पायरीपायरीने

नाही, कार्ड रिकामं बसलं की वीज वाचवायला १.१ वर उतरतं. त्या रकान्याशेजारी प्रश्नचिन्ह आहे, ते दाबून रेंडर टेस्ट चालू करा, आकडा ३.० वर गेला पाहिजे. ‘@’ नंतरचं x१६ महत्त्वाचं. तिथे x८ किंवा x४ दिसलं असतं तर दुसरा एखादा कॅपॅसिटर शोधावा लागला असता.

रिझोल्यूशनचं कारण ड्रायव्हर. ७१० लावलं तेव्हा विंडोजने त्याचा ड्रायव्हर गुपचूप टाकला असेल. सेफ मोडमध्ये डीडीयू (जुने ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर) चालवून सगळं पुसा, नेट बंद ठेवा, मग १६६० चा ड्रायव्हर घाला. आणि बायोस रिसेट केलंय, त्यामुळे रॅमचा एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) बंद झाला असेल, तो परत चालू करा.