ठाण्यातल्या जुन्या रेल्वे वास्तू: हलवून वाचवाव्यात का?

नौपाडेकर
१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी आपल्या ठाण्याला आली. हा मान आपण दरवर्षी मिरवतो, पण त्या जुन्या रेल्वेचं दाखवण्यासारखं गावात फार थोडं उरलंय. दगडी भिंतींची, कौलारू छपराची जी बैठी बांधकामं रेल्वेच्या हद्दीत अजून तग धरून आहेत, तीही मार्गिका वाढल्या की जाणार. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली. पुढची कामंही होणार, व्हायलाच हवीत.
माझं म्हणणं एवढंच, की आड येणारी वास्तू पाडू नका, सोडवून बाजूला उभी करा. टोकियोजवळच्या कुनिताची स्टेशनाची लाल त्रिकोणी छपराची इमारत १९२६ ची. रूळ उंचावर न्यायचे म्हणून २००६ मध्ये ती सुटी केली, लाकडं जपून ठेवली आणि २०२० मध्ये जवळजवळ मूळ जागीच परत उभी केली. तिथे जमतं ते इथे का जमू नये?

कोपरी_पूर्व
तीव्र विरोध. स्टेशनाची इमारत कुठल्या तरी बागेत नेऊन ठेवली की तिचा अर्थच जातो. खिडकी फलाटाकडे का, छप्पर एवढं पुढे का आलंय, हे शेजारून गाडी जात असेल तरच पोरांना कळतं. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतही हेच आहे: वास्तू तिच्या जागेपासून वेगळी करता येत नाही, तिला वाचवण्यासाठी गरजच असेल किंवा फार मोठं राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय हित असेल तरच हलवावी. आपल्याकडे हा शेवटचा इलाज पहिला होईल. जागा मोकळी करून हवी असलेला प्रत्येक जण म्हणेल, ‘पाडत कुठे आहोत, हलवतोय!’
मुंबईतला रेल्वेवरचा कर्नाक पूल आठवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ तासांचा ब्लॉक घेऊन तो पाडला, नाव कोरलेले दगड तेवढे राखले. उद्या इमारतींचंही असंच होईल.

नौपाडेकर
कर्नाक पूल धोकादायक ठरला होता आणि खालून लोकल धावत होत्या. चार दगड ठेवणं म्हणजे स्थलांतर नव्हे, आणि मी त्याची वकिली करत नाहीये.

रोजचा_८_१२
दोघांनाही विचारतो: सकाळी आठला पुलाच्या जिन्यावर उभे राहिला आहात का? मला वारशाबद्दल आदर आहे, पण पैसा आधी जिन्यांवर आणि फलाटांवर खर्च व्हावा. इमारत हलवल्याने फलाट रुंद होणार असेल तर खुशाल हलवा.

चुना_आणि_दगड
जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीत काम करतो, म्हणून थोडं सविस्तर.
हरियाणातले कारागीर जॅक लावून अख्खं घर उचलतात, सरकवतात. पण ती घरं बहुतेक विटांची, काँक्रीटच्या पट्ट्यांनी बांधलेली. काळ्या दगडाची जुनी जाड भिंत वेगळी. बाहेरून-आतून घडीव दगड आणि मधे चुन्यात दाबलेली दगडगोट्यांची भर. धक्का बसला की दोन्ही बाजू फुगतात. म्हणून ती एकेक थर करून उतरवावी लागते. आधी फोटो आणि नकाशे, मग प्रत्येक दगडावर नंबर, कोपऱ्याचे आणि कमानीचे दगड वेगळे.
चुन्याचा सांधा छिन्नीने हलकेच सुटतो. पण मधल्या काळात कुणी सिमेंटने दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरल्या असतील तर दगडाची धारच तुटते, आणि असं बऱ्याच ठिकाणी झालंय. आतली भर तशीच परत वापरता येत नाही. छपराच्या सागवानी कैच्या (त्रिकोणी सांगाडे) आणि बोल्टने जोडलेले बिडाचे खांब मात्र सहज सुटतात, परत बसतात. त्यामुळे शेड हलवणं सोपं, दगडी केबिन अवघड. सरसकट हो किंवा नाही म्हणता येणार नाही.

कोपरी_पूर्व
म्हणजे परत उभी राहते ती निम्मी नवी इमारत. आणि मधल्या काळात ते दगड कुठे राहणार? लंडनच्या युस्टन स्टेशनाची भव्य कमान १९६१-६२ मध्ये पाडली. दगडांना नंबर घालून ते ठेवायची तयारी खुद्द पाडणाऱ्या कंत्राटदाराने दाखवली होती, तरी ते झालं नाही. त्यातले पुष्कळ दगड पुढे पूर्व लंडनमध्ये नदीच्या तळाशी सापडले.

नौपाडेकर
युस्टनमध्ये दगड ठेवायला नकार मिळाला, कुनिताचीत लाकडं सांभाळली, हाच तर फरक आहे. म्हणून नवी जागा आधी ठरावी, तीही रेल्वेच्याच हद्दीत आणि रूळ दिसतील अशी. तिथला पाया तयार झाल्याशिवाय जुन्या भिंतीचा पहिला दगड काढू नये. वास्तूला कामही द्यावं: प्रतीक्षालय, पोलीस चौकी, काहीही. कुलूप लावलेलं घर पावसाळ्यात लवकर खचतं. आणि मोजमाप, फोटो यांना तर आजही सुरुवात करता येईल.

कोपरी_पूर्व
मोजमापाला माझा पूर्ण पाठिंबा, हलवण्याला नाही. मार्गिकेचा आराखडा थोडा वळवता येतो का, हे आधी विचारायला हवं. निविदा निघाल्यावर विचारून उपयोग नसतो.